पनवेल ते म्हसळा : दोन रकात की चार?

गेल्या महिन्यात एका शनिवारी आम्ही गावी गेलो. गाव आमचे म्हसळा तालुक्यात, माणगाव–म्हसळा रस्त्यावरून थोडे आत. गाडीत अब्बा, मी, बायको आणि आठवीत शिकणारा मुलगा. तळोज्याहून सकाळी आठला निघालो आणि पोहोचेपर्यंत मशिदीतली जुहरची जमात होऊन गेली होती. मी डिकीतून सामान काढत होतो. अब्बांनी कुलूप उघडले, विहिरीवर वुजू केला, माजघरात आपल्या जुन्या जागी मुसल्ला अंथरला आणि एकट्यानेच जुहरच्या चार रकात पढून घेतल्या. सामान ठेवून झाल्यावर मी मुलाला घेऊन पडवीत उभा राहिलो आणि त्याला सांगितले, “आपण मुसाफिर आहोत. दोनच रकात पढायच्या.”

सलाम फेरल्यावर मुलाने विचारले, “पप्पा, दादांनी चार पढल्या, आपण दोन. सगळे एकाच गाडीतून आलो ना?”

मी त्याला म्हटले, जेवल्यावर सांगतो. खरे तर उत्तर माझ्याकडेही तयार नव्हते. अब्बा आतून ऐकत होते. ते एवढेच म्हणाले, “मी माझ्या घरी आलोय. घरी कोण कसर करतं?”

वाचकहो, या स्तंभात आपण नेहमी घरातल्या गोष्टींबद्दल बोलतो. आज एका अंतराबद्दल बोलायचे आहे. नवी मुंबईत राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांचे गाव म्हसळा, श्रीवर्धन, मुरूड, महाड, मंडणगड, दापोली अशा कुठल्या तरी तालुक्यात आहे. सुट्टी, लग्न, मय्यत, ईद या निमित्ताने आपण जातो आणि परत येतो. या जाण्यायेण्यात नमाज पूर्ण पढायची की कसर करायची, हा प्रश्न प्रत्येक घरात कधी ना कधी निघतोच. तो वरवर किलोमीटरचा वाटतो. आमच्या घरात तो निघाला तेव्हा मात्र त्यातून दुसरेच काही बाहेर आले.

आधी हिशेब समजून घेऊ. कोकणातले आपण बहुतेक शाफई. शाफई मसलकात कसरसाठी प्रवासाचे अंतर १६ फरसख, म्हणजे ४८ हाशमी मैल सांगितले आहे. लादलेल्या उंटाची ही दोन दिवसांची मजल. आजच्या मापात उलमा ते ८० ते ८२ किलोमीटरच्या आसपास धरतात. हनफी भाऊबंदांकडे तीन दिवसांच्या पायी मजलीचा हिशेब आहे आणि आपल्या देशातले हनफी उलमा तो साधारण ७७–७८ किलोमीटर सांगतात. चार रकातीच्या फर्ज नमाजा, म्हणजे जुहर, असर आणि इशा, दोन रकात होतात. फजर आणि मगरिब आहे तशीच राहते. हनफींकडे मुसाफिराने कसर करणे वाजिब आहे. शाफईंकडे ती सवलत आहे. कुणी पूर्ण चार पढल्या तरी नमाज होते.

आता पनवेल ते म्हसळा. गोवा महामार्ग रुंद करण्याचे काम २०११ मध्ये सुरू झाले तेव्हा त्याचा पहिला टप्पा पनवेल ते इंदापूर असा होता, ८४ किलोमीटरचा. म्हणजे शरीअतने सांगितलेले अंतर जवळजवळ या एका टप्प्याएवढे आहे! पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड मागे टाकून इंदापूरला पोहोचलो की ते भरते. पुढे माणगाव दहाएक किलोमीटर. माणगावला महामार्ग सोडून मोर्ब्याच्या रस्त्याला लागलो की म्हसळा आणखी पंचवीसएक. सगळे मिळून एकशेवीसच्या आसपास. म्हसळ्याला जाणारा पनवेलकर मुसाफिर ठरतो, यात शंका नाही. गंमत अशी की पनवेल आणि म्हसळा दोन्ही रायगड जिल्ह्यातच. जिल्हा न ओलांडताही माणूस मुसाफिर होतो.

इथे पुष्कळांची एक चूक होते. त्यांना वाटते की इंदापूर ओलांडल्यावरच कसर सुरू होते. तसे नाही. जायचे ठिकाण त्या अंतराच्या पलीकडे असेल आणि नियत तिथे जायची असेल, तर आपल्या वस्तीच्या बाहेर पडताच कसर सुरू होते. पूर्वी वस्तीची हद्द कळायची. आज वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर, पनवेल अशी इमारतींना इमारत लागली आहे. तळोज्याहून निघालेल्या माणसाची वस्ती संपते कुठे? मी माझ्यापुरती खूण ठरवली आहे. पळस्पे फाटा सोडून कर्नाळ्याचे जंगल लागले की आपण बाहेर पडलो.

दुसरा प्रश्न एका वाचक भगिनीने मागे विचारला होता, तोही इथेच घेतो. त्यांचे माहेर मुरूडचे, सासर म्हसळ्याकडचे. आगरदांड्याहून जंगलजेट्टीत बसून खाडी ओलांडली की पलीकडे दिघी. पाण्यावरचे अंतर चारएक किलोमीटर. दिघीहून म्हसळा जवळ. या वाटेने कसरचे अंतर भरत नाही. पण पावसाळ्यात खाडी खवळली, फेरी बंद असली तर तळ्याकडून मोठा वळसा घालावा लागतो. मग अंतर कुठले धरायचे? शाफई फिकहमध्ये हा मसला आहे. एकाच गावाला दोन वाटा असतील, एक जवळची आणि एक लांबची, आणि माणूस काही कारणाने लांबच्या वाटेने गेला, जसे सुरक्षितता, वाटेतले काम, प्रवासाची सोय, तर लांबच्या वाटेचे अंतर धरले जाते. निव्वळ कसर मिळावी म्हणून वळसा घातला, तर ती सवलत नाही. वाटेपेक्षा ती का निवडली, हे आधी पाहिले जाते. आपल्या बुजुर्गांनी घोडे-उंटांच्या काळात किती बारीक विचार करून ठेवला आहे पाहा.

मुरूड, म्हसळा आणि श्रीवर्धन ही एके काळी एकाच राज्यात होती. जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचे राज्य १९४८ मध्ये विलीन झाले. त्याची राजधानी मुरूड. तेव्हा खाडी ओलांडून जाणे हा रोजचा व्यवहार होता. होडी हेच वाहन, बंदर हेच स्टँड. पुढे एसटी आली, रस्ते झाले आणि खाडीपलीकडचा शेजारी लांबचा झाला, तर रस्त्यावरची मुंबई जवळची झाली. आंबेतचे सुपुत्र बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले १९८० ते १९८२ या काळात मुख्यमंत्री होते. कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले ते त्यांच्याच कारकिर्दीत. आपल्याकडची जुनी माणसे त्यांची आठवण काढतात ती मात्र पुलांवरून. खाडीने तोडलेल्या माणसांचे हाल त्यांनी लहानपणापासून पाहिले होते. रेवस–करंजा पुलाचे स्वप्न त्यांचेच. आता सागरी महामार्गासाठी आगरदांडा–दिघी पुलाचे कामही हाती घेतले आहे. तो झाला की त्या भगिनीचा प्रश्नच उरणार नाही. माहेर-सासर बारमाही एकाच वाटेने.

अब्बा सांगतात, त्यांच्या तरुणपणी पनवेल हे छोटेसे गाव होते. नगरपालिका १८५२ पासूनची, बंदर जुने, पण गाव तेवढेच. म्हसळ्याहून एसटीने निघालेला माणूस पनवेलच्या स्टँडवर उतरून चहा प्यायचा आणि पुढे मुंबईला जायचा. पनवेल हे मुक्कामाचे ठिकाणच नव्हते. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, भाताची खाचरे आणि मिठागरे गेली, नवी मुंबई उभी राहिली आणि मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत राहणारी आपली माणसे हळूहळू वाशी, पनवेल, तळोज्याकडे सरकली. तळोजे गावात कोकणी मुसलमानांची वस्ती तर आधीपासूनच होती. आता पनवेल ही महानगरपालिका आहे, २०१६ पासून. म्हसळा आहे तिथेच आहे. बाजारपेठ, मशिदी, शाळा आणि दर दुसऱ्या-तिसऱ्या घराला कुलूप. त्या घरातली माणसे कुवेतमध्ये, दुबईत, मुंब्र्यात किंवा आपल्या नवी मुंबईत. माझा मेहुणा दुबईला असतो. तो म्हणतो, दुबईहून मुंबई तीन तास आणि मुंबईहून घर सहा तास. खरा परदेश कुठला ते सांगा.

त्या शनिवारी असर आणि मगरिबच्या मध्ये मी तळोज्याच्या आमच्या मशिदीतल्या मौलानांना फोन लावला. मुलाचा प्रश्न सांगितला. मला वाटले होते ते अंतर विचारतील. त्यांनी अंतर विचारलेच नाही. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या.

“बीवी-बच्चे कुठे राहतात?”

“तळोज्याला.”

“तिथे कायमचं राहायचा इरादा आहे?”

“हो. फ्लॅट घेतलाय, नोकरी तिथे, मुलाची शाळा तिथे.”

“आणि गाव? गाव कायमचं सोडलंय का तुम्ही?”

मी गप्प झालो. मौलाना थांबले. फोनवर थोडा वेळ कुणीच बोलले नाही.

मग त्यांनीच समजावले. ज्या गावाला माणूस आपले वतन मानतो, जिथे राहण्याचा त्याचा पक्का इरादा असतो, तिथे पाऊल टाकताच त्याचा प्रवास संपतो. तिथे एका वेळेसाठी आला तरी तो मुकीम असतो, त्याने पूर्ण नमाज पढायची. माणसाने ते गाव सोडून दुसरीकडे कायमचे घर केले असेल, तर जुन्या गावी तो मुसाफिर असतो, मग तिथे बापाचे घर असो की वाडी. हां, तिथे जाऊन चार पूर्ण दिवस राहायची नियत केली, येण्याचा आणि जाण्याचा दिवस सोडून, तर शाफईंच्या मते तो मुकीम होतो. हनफींकडे ही मुदत पंधरा दिवसांची आहे. “तुमचे अब्बा तुमच्याकडे किती वर्षं आहेत?” त्यांनी विचारले. मी सांगितले, अम्मी गेल्यापासून, अकरा वर्षे. “पण त्यांनी गाव सोडलंय असं ते म्हणतात का?” नाही. अब्बांनी तसे कधीच म्हटलेले नाही. त्यांची एक ट्रंक अजून गावी आहे. दर ईदला म्हणतात, गुडघे बरे झाले की परत जाईन. मौलाना म्हणाले, “मग ते घरीच आलेत. त्यांच्या चार बरोबर. तुमचं जे आहे ते तुम्ही ठरवा. हे मी ठरवू शकत नाही.”

मी ओट्यावर बसून राहिलो. आपण मुसाफिर आहोत, हे मुलाला मी किती सहज सांगितले होते! त्यामागे एक कबुली होती, आणि ती मी अजून स्वतःलाही दिलेली नव्हती.

तेव्हा मक्का आठवली. हिजरी सन ८ मध्ये मक्का फतह झाली. प्यारे नबी (स.) ज्या शहरात जन्मले, वाढले, जिथे हजरत खदीजा (रजि.) यांच्याबरोबर संसार केला, त्या शहरात ते परत आले होते. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्या रिवायतीनुसार आप (स.) तिथे एकोणीस दिवस राहिले आणि कसर नमाज पढत राहिले. मक्केच्या लोकांना त्यांनी सांगितले की तुम्ही तुमची नमाज पूर्ण करा, आम्ही मुसाफिर आहोत. स्वतःच्या जन्मगावात! मदीना आता त्यांचे वतन होते. आणि याच मक्केतून हिजरत करताना तिच्याकडे वळून त्यांनी सांगितले होते की अल्लाहच्या जमिनीत तू मला सर्वांत प्रिय आहेस. दोन रकात पढल्याने ते प्रेम कमी झाले असे कोण म्हणेल? कसर ही अल्लाहने दिलेली सवलत आहे, त्याच्याकडून मिळालेला सदका आहे. ती घेणे म्हणजे गावाशी नाते तोडणे नव्हे.

मला धीर आला. पण त्याच प्रसंगाशी जोडलेली आणखी एक रिवायत आहे. मक्केत कुठे उतरणार, असे हजरत उसामा (रजि.) यांनी विचारले, तेव्हा आप (स.) यांनी उलट विचारले होते की अकीलने आपल्यासाठी काही घर शिल्लक ठेवले आहे का? चुलत भावाने घरे विकून टाकलेली होती. ही रिवायत मी अनेकदा ऐकली आहे. त्या संध्याकाळी ओट्यावर बसलो असताना मात्र ती मला टोचली, कारण माझ्या बॅगेत एक कागद होता.

गावचे घर आणि मागची वाडी यांना गिऱ्हाईक आले आहे. सातबाऱ्यावर अब्बांचे आणि दोन चाचांच्या मुलांची नावे आहेत. चुलत भाऊ विकायला तयार आहेत. त्यांचेही चुकत नाही. एक कुवेतला, दुसरा मुंब्र्याला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा पडवीवरचे पत्रे उडाले, माजघरावरची कौले फुटली. लॉकडाऊन होता, आम्ही आठवडाभर पोहोचू शकलो नाही. जमातीतल्या शेजाऱ्यांनी ताडपत्री टाकली, भांडीकुंडी आपल्या घरी नेऊन ठेवली. त्यानंतर दुरुस्तीला सगळ्यांनी पैसे दिले, आले मात्र कोणीच नाही. बंद घर दरवर्षी खर्च मागते. विकून टाकू, असे मलाही वाटत होते. फक्त अब्बांची सही राहिली होती आणि ती घ्यायची जबाबदारी माझ्याकडे होती. गावी येण्याचे खरे कारण ते होते.

इशाची वेळ झाली. मशीद चढावर आहे. दिवसभर गाडीत बसून अब्बांचे गुडघे आखडले होते. ते म्हणाले, घरीच पढू. माजघरात जमात उभी राहिली. अब्बा इमाम, मागे मी आणि मुलगा, त्यामागे बायको. तक्बीर होण्याआधी मुलाने हळूच विचारले, “आता किती?”

या मसल्याचे उत्तर मात्र मला पक्के ठाऊक होते. मुसाफिर पूर्ण नमाज पढणाऱ्या इमामाच्या मागे उभा राहिला, तर त्यालाही पूर्ण चार पढाव्या लागतात. शाफई असो वा हनफी, यात मतभेद नाही. “चार,” मी सांगितले. “दादा इमाम आहेत ना.”

आम्ही चार पढलो. दुआ झाल्यावर अब्बा वर पाहत राहिले. मला वाटले अजून काही मागत आहेत. मग म्हणाले, “त्या कोपऱ्यात तीन कौलं सरकलीत. पावसाआधी शाकारून घ्यायला हवं.” कागद बॅगेतच राहिला. रविवारी दुपारी आम्ही निघालो. चुलत भावांना मी फोन करून सांगितले की यंदा सही नको, शाकारणीचा खर्च मी करतो आणि गडी घेऊन मी स्वतः येतो. कुवेतवाला थोडा नाराज झाला. मुंब्र्याचा म्हणाला, तारीख कळव, मीही येतो.

वाचकहो, घर विकू नका असा उपदेश मी करणार नाही. प्रत्येकाची अडचण वेगळी असते आणि वेळीच वाटण्या करून मोकळे होणे कधी कधी भाऊबंदकी टाळते. सांगायचे एवढेच की बुजुर्ग हयात असताना हा प्रश्न त्यांच्याशी बोलून घ्या. त्यांच्या मनात गाव सुटले आहे की नाही, हे सातबाऱ्यावर लिहिलेले नसते. मुलांना कसरचा मसला शिकवताना अंतर जरूर शिकवा, त्याबरोबर वतन म्हणजे काय तेही सांगा. तुमच्या घरचा मसला थोडा वेगळा असेल तर आपल्या इमाम साहेबांना नि:संकोच विचारा. आणि नात्याची काळजी घेण्याला, ज्याला आपण सिला-रहमी म्हणतो, तिला कुठलेही किलोमीटर सांगितलेले नाहीत. तिच्यात सवलत नाही, तिथे कसर होत नाही.

माझे म्हणाल, तर मी मुसाफिरच आहे. मौलानांच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी त्यांना नंतर फोन करून दिले. एकट्याने पढेन तेव्हा गावी दोनच रकात पढेन. पण अब्बा पुढे उभे आहेत तोवर मागे उभे राहून चार पढायची मुभा मला आहे. अल्लाह त्यांना उम्रदराज करो. परतताना कर्नाळ्याच्या अलीकडे आलो तेव्हा मुलगा गाडीतला आकडा पाहून म्हणाला, “पप्पा, दादा घरून आले आणि आपण घरी चाललो.”

अब्बा पुढच्या सीटवर झोपले होते.